स्पार्टाचा तिसरा क्लिओमिनीज: सुधारक की जुलमी?

प्रश्न
स्पार्टा म्हटले की लिओनिडास आणि थर्मोपिली एवढेच आठवते, इ.स.पू. २३५ मध्ये गादीवर आलेल्या तिसऱ्या क्लिओमिनीजविषयी मात्र क्वचितच कोणी लिहिते. त्याने कर्जे रद्द केली आणि जमिनींचे फेरवाटप केले, पण त्याआधी राजसत्तेवर अंकुश ठेवणाऱ्या पाच एफरांपैकी चौघांना ठार करविले. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क त्याच्याविषयी सहानुभूतीने लिहितो, तर त्याने कायदेशीर राजपदाची जुलूमशाही केली असे ग्रीक इतिहासकार पॉलिबियसचे म्हणणे आहे. विश्वास कोणावर ठेवावा?

प्रतिसाद १
पॉलिबियस मेगालोपोलिसचा, आणि ते शहर इ.स.पू. २२३ मध्ये क्लिओमिनीजनेच उद्ध्वस्त केले होते, हे विसरून त्याचे लेखन वाचता येणार नाही. प्लुटार्कचा मुख्य आधार असलेला इतिहासकार फायलार्कस तितकाच पक्षपाती, फक्त उलट बाजूचा. तरीही क्लिओमिनीजच्या कर्तृत्वाची कबुली पॉलिबियसही देतो. विरोधकाने दिलेली ही कबुली मला अधिक मोलाची वाटते.

प्रतिसाद २
माझ्या मते त्याला गरिबांचा कैवारी ठरविणे ही अतिशयोक्ती आहे. त्याच्या आधीचा स्पार्टाचा राजा चौथ्या एजिसने हेच बदल सनदशीर मार्गाने करू पाहिले आणि इ.स.पू. २४१ मध्ये त्याला देहदंड झाला. त्याचीच विधवा एजियाटिस पुढे क्लिओमिनीजची पत्नी झाली, त्यामुळे सौम्यपणाचा परिणाम काय होतो हे त्याला घरातच कळले असणार. एजिसच्या काळात अस्सल स्पार्टन नागरिक जेमतेम सातशे उरले होते. क्लिओमिनीजने आसपासच्या पेरिओइकोईंना, म्हणजे स्वतंत्र पण नागरिकत्व नसलेल्या रहिवाशांना, नागरिकत्व देऊन चार हजारांचे पायदळ उभे केले आणि त्यांच्या हाती मॅसिडोनियन पद्धतीचे लांब भाले दिले. म्हणजे जमीनवाटपाचा हिशेब मुळात सैन्याचा होता. हेलट गुलामांची मुक्तता तर त्याने युद्धाला पैसा कमी पडू लागल्यावर, माणशी पाच मिना (ग्रीक चलनाचे एक मोठे एकक) घेऊन केली.

प्रतिसाद ३
हेतू काहीही असो, धसका मोठा होता. कर्जमाफीच्या आशेने इतर नगरांतील सामान्य लोकही त्याच्याकडे वळू लागले, तेव्हा अकियन संघाच्या (दक्षिण ग्रीसमधील नगरांच्या संघाच्या) नेत्या अराटसने, ज्याने इ.स.पू. २४३ मध्ये कॉरिंथचा किल्ला मॅसिडोनियाकडून मुक्त केला होता, तोच किल्ला मॅसिडोनियाला परत देऊन तेथील राजा अँटिगोनस डोसनची मदत मागितली. इ.स.पू. २२२ मध्ये सेलासिया येथे स्पार्टाचा पराभव झाला. क्लिओमिनीज इजिप्तला गेला आणि अलेक्झांड्रियातील उठाव फसल्यावर इ.स.पू. २१९ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याचा कार्यक्रम मात्र संपला नाही: पुढे स्पार्टाचा राजा नाबिसने तो अधिक कठोरपणे राबविला, आणि त्याचेही चित्र आपल्याला बहुतांशी शत्रूंच्याच लेखणीतून मिळते.