"दोन पोरं धरतात अन् चढवतात" म्हणणाऱ्यांना: सर्व्हर म्हणजे सोयाबीनचं पोतं नव्हे

वाळूजकर
काल इथं एका भाऊंनी लिहिलं, "सर्व्हर रॅकमध्ये (लोखंडी मांडणीत) चढवायला लिफ्ट (मशीन वर उचलणारी चाकांची गाडी) मागणारे इंजिनिअर नाजूक झालेत. दोन धट्टीकट्टी पोरं, कमरेला पट्टा, दहा मिनिटांत काम." त्यावर वाहवा बघून रात्री झोप आली नाही.

सतरा वर्षं हेच करतोय, संभाजीनगरपासून नांदेड-हिंगोलीपर्यंत. एका जिल्ह्याच्या गावी डिस्कांनी भरलेलं २यू सर्व्हर (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप) चढवत होतो, तीसेक किलो. रिकामी जागा वर, ३६व्या यूला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ठेकेदाराचा पोरगा. मशीनची डावी पट्टी रॅकच्या सरकत्या रेलमध्ये शिरली, उजवी शिरेना, कारण रेलमधला छऱ्यांचा भाग पुढं ओढायचा राहिला होता. अशा वेळी मशीन आत जात नाही अन् बाहेरही येत नाही. हात डोक्याच्या बरोबरीला, अन् अडकलंय कुठं ते बघायला तिसरा माणूस नाही. पोराचा हात सुटला. मशीन डाव्या रेलवर लोंबलं आणि त्याची करंगळी रेलमध्ये चेंगरली. ती करंगळी आजही सरळ होत नाही. माझी कंबरही त्याच दिवशी गेली.

आणि तो पट्टा! कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेनं १९९४ मध्येच सांगितलंय की निरोगी माणसाची पाठ पट्ट्यानं वाचते याला पुरावा नाही. पट्टा बांधला की माणूस उलट जास्त ओझ्याला हात घालतो.

बीडबायपास
सर, ती पोस्ट माझीच. करंगळीचं वाईट वाटलं, पण चूक रेलची होती, वजनाची नाही. तुम्हीच लिहिलंय, छऱ्यांचा भाग ओढायचा राहिला.

तालुक्याच्या बँकेतली, नगरपालिकेतली सर्व्हर रूम बघितली का कधी? आठ बाय दहाची खोली, त्यात यूपीएस, बॅटऱ्या, जुन्या फायलींचं कपाट. रॅकपुढं दोन माणसं आडवी होऊन उभी राहतात. तिथं लिफ्ट फिरवणार कुठं? पहिल्या मजल्यावर न्यायची कशी, जिन्यानं? लिफ्टची किंमत ऐकली की गिऱ्हाईक दुसरा माणूस बघतं. मी दोनशेच्या वर मशीन हातानं बसवल्यात, एकही पडलं नाही.

वाळूजकर
तोल जाईपर्यंत माझंही एकही पडलं नव्हतं. रेलची चूक दुरुस्त करायला वेळ मिळाला नाही, कारण दोघांचे चारही हात वजनाखाली होते. खाली टेकू असता तर मशीन ठेवून रेल बघितली असती.

आडतीचा पोरगा
लातूरच्या आडतीत माझ्या वडलांनी उभी हयात काढली. क्विंटलाचं पोतं पाठीवर, फळीवरून ट्रकात, दिवसभर. अन् तुम्ही तीस किलोच्या डब्यासाठी यंत्र मागता, तेही एसीत. हे वाचून लई राग आला. शिकल्यावर माणूस कष्टाला एवढा काहून भितो?

गंजगोलाई
दादा, माझेही वडील हमालच. म्हणून तुम्हाला उत्तर देते, नाहीतर गप्प बसले असते.

पोतं दुसरा माणूस पाठीवर चढवून देतो. मग ते मणक्याला चिकटून बसतं, आकड्यानं धरता येतं, अन् थप्पीवर टाकताना नुसतं सोडायचं असतं. सर्व्हर छातीपुढं हातावर असतो आणि बसवताना दोन मिलिमीटरही हलून चालत नाही. एका माणसानं किती उचलावं याचं नायॉशचं सूत्र बघा. सगळं अनुकूल असेल तर २३ किलो. ओझं शरीरापासून २५ सेंटीमीटरऐवजी ५० वर गेलं की अर्धं, साडेअकरा. हात जमिनीपासून १७५ सेंटीमीटरवर असतील तर त्यालाही ०.७ नं गुणायचं. उरले आठ किलो. वळणं-वाकणं अजून धरलंच नाही.

अन् वडलांचं म्हणाल तर, पन्नाशीत माझ्या वडलांना खाली बसून जेवता येईना. भिंतीला हात लावत उठायचे. तुमच्या वडलांचे गुडघे कसे होते ते लिहा ना.

आडतीचा पोरगा
माझ्या वडलांच्या गुडघ्यावर बोलायचं काम नाही ताई. त्यांनी कुणापुढं रडगाणं गायलं नाही.

गंजगोलाई
ते बोलले नाहीत, हेच तर दुखणं आहे. हमाल, माथाडी बोलले म्हणून १९६९ चा माथाडी कायदा आला. पोतं क्विंटलावरून पन्नास किलोवर आलं ते हमालांनी वर्षानुवर्षं मागितलं म्हणून. तेव्हाही व्यापारी हेच म्हणत होते, "आजवर उचलत होतेच की."

आडतीचा पोरगा
पन्नासचं झालं तेव्हा वडील म्हणाले होते, आता खेपा दुप्पट. हमाली नगावर मिळते, वजनावर नाही, हे लोकांना वाटतं तेवढं सरळ नव्हतं. पण हो, त्या वर्षापासून रात्रीचं कण्हणं कमी झालं. एवढं मान्य करतो. गुडघ्यांचं लिहायचं नाही मला.

ठेक्यावरचा
हमालांचं झालं, आता आमचं ऐका. करंगळी गेलेल्या त्या पोराला भरपाई मिळाली का? कुणीच विचारलं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात ३४ वं कलम होतं, इजा होईल एवढं ओझं कुणाला उचलायला लावू नये. पण सर्व्हर रूमला कारखाना कोण म्हणतो? आम्हाला 'हेल्पर' म्हणून रोजावर नेतात, वजन विचारलं की "उचल रे, तरणा आहेस" म्हणतात.

वाळूजकर
मिळाली नाही. दवाखान्याचा खर्च मी दिला, पण रोज बुडाला तो बुडालाच. त्या वेळी कंपनीला कागदावर लिहून द्यायला हवं होतं, मी दिलं नाही. ही माझी चूक.

गंजगोलाई
ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये मी हेच काम करते. एनव्हिडियाचं डीजीएक्स एच१०० (एआयचं मोठं सर्व्हर) आलं तर १३० किलो, ८यू. हातानं चढवायचा प्रश्नच येत नाही. लिफ्टचा प्लॅटफॉर्म रेलच्या पातळीला आणायचा, चाकांना ब्रेक लावायचे आणि सरकवायचं. छोट्या खोलीतही हे होतं: रॅकचे पाय जमिनीला टेकवा, जड मशीन खालच्या यूला आधी, आणि रेलवर एका वेळी एकच मशीन बाहेर. दोन ओढली की अख्खा रॅक अंगावर येतो.

बीडबायपास
ठीक आहे. छातीच्या वर दोघांनी चढवायचं नाही, हे मानतो. पाठीच्या पट्ट्याचा मुद्दाही मागं घेतो. पण कमरेच्या खाली, २यू मशीन, डिस्का आणि पॉवर सप्लाय काढून हलकं करून, तिथं मी लिफ्ट मागवणार नाही. अन् ज्याला गावातली खोली ठाऊक नाही त्यानं मला शिकवू नये.

वाळूजकर
डिस्का काढताना प्रत्येकीवर स्लॉटचा नंबर लिहा, नाहीतर ॲरे (सगळ्या डिस्कांचा मिळून साठा) कोसळल्यावर रडावं लागेल. मशीनच्या समोरच्या कानांना (कडेच्या पकडींना) धरून उचलू नका, ते ओढायला असतात, वजन पेलायला नाही. कमरेखालचं तुमचं मान्य, तिसरा माणूस बघायला उभा असेल तर.

वरच्या यूसाठी हातानं फिरवायचं कात्री टेबल (कात्रीसारख्या पायांवर वर-खाली होणारं) भाड्यानं मिळतं. ते वर किती जातं ते आधी विचारून घ्या. तुमच्या त्या आठ बाय दहाच्या खोलीच्या दाराला टेप लावून रुंदी सांगा. जिन्याचं वळणही मोजा. उद्या शेंद्र्याला एक बघायला जातोय, बसत असेल तर तुमच्यासाठीही विचारून ठेवतो.

बीडबायपास
दार साडेबत्तीस इंच. जिना उद्या सकाळी मोजतो.