मदत हवी आहे: गेमिंग पीसीचा ऑडिओ अपग्रेड करायचा आहे, पण गुणगुण आणि झिणझिण्या (दर्यापूर तालुका)

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात (जमीन आणि जमिनीतलं पाणी खारं). पीसी असा: रायझन ७ ७८००एक्स३डी, आरटीएक्स ४०८० सुपर, ३२ जीबी डीडीआर५, बी६५० बोर्ड, ८५० वॉट गोल्ड एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). चित्राबद्दल तक्रार नाही, आवाज मात्र या मशीनला शोभत नाही. मागच्या हिरव्या जॅकला दोन पिनच्या प्लगचे जुने २.१ स्पीकर (दोन छोटे, एक बासचा) आहेत, पुढच्या जॅकला साधा हेडसेट.

त्रास तीन आहेत.

१. स्पीकरमध्ये खालच्या सुरात सतत गुणगुण. विंडोजमधून आवाज शून्यावर नेला तरी तेवढीच. कॅबिनेटला हात लावला की बदलते. ग्राफिक्स कार्डातून टीव्हीला गेलेली एचडीएमआय काढली की बरीच कमी होते. टीव्हीला सेट-टॉप बॉक्स आहे, छत्री (डिश अँटेना) स्लॅबवर.

२. हेडसेटमध्ये गुणगुण नाही, पण गेम सुरू झाला की बारीक किर्र. मेनूत फ्रेमरेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढला की तिचा सूर चढतो.

३. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला अनवाणी हात लागला की झिणझिण्या येतात.

लाइन संध्याकाळी १७५-१८५ व्होल्टपर्यंत उतरते, मध्यरात्री २४५ होते. इन्व्हर्टर ९०० व्हीए, स्क्वेअर वेव्ह. इन्व्हर्टरवर गेलं की गुणगुणीचा गुंगाट होतो आणि कधीकधी पीसी बंदच पडतो.

बजेट ७० हजार. मनात आहे: आत बसणारं साउंड कार्ड, ७.१ हेडसेट, आणि एक्सएलआर माइक (स्टुडिओतल्यासारखा तीन पिनच्या जोडाचा). क्रम बरोबर आहे का? काही चुकत असेल तर आताच सांगा, पैसे पाण्यात जायला नकोत.

प्रतिसाद १

तिन्ही त्रासांना एकच उपाय नाही, म्हणून आधी ते वेगळे करू.

हेडसेटला पीसीखेरीज दुसरी वायर कुठे जात नाही. त्यामुळे त्यात अर्थचा लूप (दोन वाटांनी अर्थला जोडल्याने फिरणारा करंट) तयार होऊच शकत नाही. तिथली किर्र पीसीच्या आतली आहे. पुढच्या जॅकची वायर बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातून निघून ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून वर जाते. कार्ड दर फ्रेमला करंट ओढतं-सोडतं, त्याचा ठसा त्या वायरवर आणि बोर्डाच्या ग्राउंडवर उमटतो. म्हणून फ्रेमरेटबरोबर सूर चढतो. आजच करायची गोष्ट: हेडसेट मागच्या जॅकला लावा आणि गेममध्ये फ्रेमरेटला १६० ची मर्यादा घाला. किर्र अर्ध्यावर आली तर निदान पक्कं.

यावर आतलं साउंड कार्ड घेऊ नका. ते त्याच कॅबिनेटात, त्याच ग्राफिक्स कार्डाच्या खाली बसणार. बाहेरचा यूएसबी डॅक (डिजिटल आवाज ॲनालॉग करून देणारा डबा) घ्या.

स्पीकरची गुणगुण आणि झिणझिण्या मात्र एकाच घरच्या आहेत. मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवा, पीसीचा प्लग त्याच बोर्डाच्या एका सॉकेटमध्ये लावलेला राहू द्या आणि शेजारच्या सॉकेटमध्ये तीन मोजण्या घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. आकडे इथे टाका. प्रोबचं इन्सुलेशन तुटलेलं असेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्या.

धागाकर्ता

मागच्या जॅकला लावल्यावर किर्र खूपच कमी झाली. आकडे: फेज-न्यूट्रल २१४, फेज-अर्थ ११०, न्यूट्रल-अर्थ १०४.

प्रतिसाद १

आकडे बोलके आहेत. अर्थची पिन सॉकेटात आहे, पण तिची वायर जमिनीपर्यंत पोचलेलीच नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेज ते बॉडी आणि दुसरा न्यूट्रल ते बॉडी. बाहेरचा कचरा अर्थमध्ये सोडून देणं हे त्यांचं काम. अर्थ नसला की दोघे मिळून व्होल्टेजचे दोन सारखे भाग करतात आणि बॉडी मधोमध लटकते. २१४ चे अर्धे १०७, तुमचे आकडे त्याच्या आसपासच आहेत. हा करंट मिलिअँपिअरच्या हिशेबात असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण पीसीत खरा बिघाड होऊन फेज बॉडीला टेकली तर वाचवायला या घरात आज काहीच नाही. ऑडिओचा विषय बाजूला ठेवून हे आधी करा.

गुणगुणही त्यातूनच. हा गळतीचा करंट जमिनीकडे वाट शोधतो आणि त्याला सापडलेल्या वाटा म्हणजे ऑडिओ केबलची शील्ड, एचडीएमआय, टीव्ही, छत्रीची केबल, स्लॅबचं लोखंड. शील्डमधून जाताना तो जो थोडा व्होल्टेज पाडतो तोच स्पीकर वाढवून ऐकवतो. तुम्ही कॅबिनेटला हात लावता तेव्हा तुम्हीही त्याची एक वाट होता.

प्रतिसाद २

भाऊ, अर्थिंगचं मी सांगतो, आपल्या पट्ट्यात त्याचे नियम थोडे उलटे हायत.

पयली गोष्ट. वायरमन म्हणन, "सॉकेटात न्यूट्रल आन् अर्थ लूप मारून देतो, झिणझिण्या बंद." अजिबात करू देजा नोका. डीपीकडून (गावच्या ट्रान्सफॉर्मरकडून) येनारा न्यूट्रल तुटला, नाही तर कोनी फेज-न्यूट्रल उलटे जोडले, का पूरा कॅबिनेट २३० वर येते.

दुसरी गोष्ट. मीठ-कोळसा टाकायची आपल्याकडे गरज नाही. जमिनीतच खार हाय, करंट वाहून न्यायले ते चांगलंच. पन तोच खार जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप खाऊन टाकते. वरून पाइप साबूत दिसते आन् जमिनीखाली चाळणी झालेली असते. म्हनून कॉपर बॉन्डेड रॉड घेजा, ३ मीटर लांब, १७ मिमी जाडीचा, तांब्याचा थर २५० मायक्रॉन. त्याच्याभोवती बेंटोनाइटवालं (ओल धरनाऱ्या मातीचं) अर्थिंग कंपाउंड भरजा. रॉडपासून बोर्डापर्यंत ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, मंधात जोड नाही. तांब्याले जीआय तार गुंडाळली का खारात तो जोड लवकर सडते.

तिसरी गोष्ट, काळी माती. पावसाळ्यात फुगते आन् रॉडले घट्ट धरते, उन्हाळ्यात भेगा पडून सोडून देते. वरचा हात-दोन हात भाग मे महिन्यात कामाचा राहत नाही. म्हनून लांबी कमी करू नोका, आन् खड्डा मोरीच्या सांडपान्याजवळ घेजा म्हंजे ओल टिकते.

काम झाल्यावर तपासनी वायरमनकडूनच: फेज आन् नव्या अर्थच्या मंधात १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब. बल्ब लावल्यावर फेज-अर्थ व्होल्टेज ८-९ पेक्षा जास्त उतरलं नाही, तर रॉड २० ओहमच्या आत हाय. ही तपासनी आरसीसीबी (करंट गळला का लाइन तोडनारा खटका) बसवायच्या आधी, नाही तर तो ट्रिप होईन.

प्रतिसाद १

वरच्या प्रतिसादात एक भर घालतो, ती सोडू नका. २० ओहमचा अर्थ असला तरी बिघाडात ११-१२ अँपिअरच वाहतील, आणि १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंटला पडणारा खटका) तेवढ्याने पडत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतोच.

त्याच बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा, १७० ते २६० व्होल्टवर सेट करून. डीपीवर न्यूट्रल सुटला तर घरात ३०० च्या वर व्होल्टेज येऊ शकतं, आणि तिथे स्पाइक बस्टर पुरत नाही. कमी व्होल्टेजची काळजी मात्र करू नका. तुमच्या दर्जाचे एसएमपीएस सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालतात, लेबलवर बघून घ्या. पीसीला रिलेचा स्टॅबिलायझर लावला तर त्याच्या प्रत्येक टकटकीबरोबर स्पीकरमध्ये टप्प असा आवाज येईल.

धागाकर्ता

हे काम या आठवड्यातच करून घेतो. इन्व्हर्टरचं काय करू? तो बदलला तर ऑडिओला फार उरत नाही.

प्रतिसाद ३

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर या पीसीला चालवू नका. ॲक्टिव्ह पीएफसीचे (लाटेच्या आकाराप्रमाणे करंट ओढणारे) एसएमपीएस साइन वेव्ह धरून बनवलेले असतात. चौकोनी लाटेवर ते करंटचे तडाखे ओढतात, आवाज करतात, कधी बंद पडतात. ट्रान्सफॉर्मरवाल्या स्पीकरचा गुंगाटही त्या लाटेच्या कडांमुळेच.

तुमचा पीसी गेममध्ये भिंतीतून साधारण ४५०-५०० वॉट ओढत असेल, त्यात मॉनिटर आणि स्पीकर धरा. बदलायचाच असेल तर प्युअर साइन वेव्ह, १४०० व्हीएच्या पुढचा. मागे मोडचा खटका असतो, तो यूपीएस मोडवर हवा. साध्या मोडमध्ये बदलायला वेळ जास्त लागतो आणि एसएमपीएस जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. पण इथे तुमच्या लाइनची अडचण आहे: यूपीएस मोडमध्ये साधारण १८० च्या खाली इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. तुमच्याकडे संध्याकाळी १७५ असतं, म्हणजे लाइन असूनही बॅटरी संपत राहणार. मग लाइन गेल्यावर उरायचं काय?

म्हणून माझं मत: इन्व्हर्टर आहे तसाच पंखे-दिव्यांना ठेवा. पीसीला फक्त सेव्ह करून बंद करण्यापुरता १००० व्हीएचा लाइन इंटरॲक्टिव्ह साइन वेव्ह यूपीएस घ्या. त्यातला एव्हीआर (व्होल्टेज सावरणारा भाग) कमी व्होल्टेज बॅटरी न वापरता वर उचलतो. भर गेममध्ये लाइन गेली तर लगेच बाहेर पडा, एवढंच. त्याची वॉट क्षमता ६०० च्या खाली नको, १००० व्हीए लिहिलेले काही मॉडेल फक्त ५०० वॉटचे असतात.

आता हेडफोन. ७.१ चा हेडसेट घेऊ नका. त्यातल्या बहुतेकांत प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर असतो, सात दिशांचा भास सॉफ्टवेअर करतं. ते काम चांगल्या स्टिरिओ हेडफोनवर फुकटात होतं. वॅलोरंट गेममध्ये एचआरटीएफ (आवाजाची दिशा कानाला कळेल असा घडवणारी सोय) चालू करा, आणि ते चालू असेल तर विंडोजमधल्या तशाच सोयी, विंडोज सॉनिक किंवा डॉल्बी अ‍ॅटमॉस, बंद ठेवा. दोन्ही एकदम लावले की पावलांची दिशा पुसली जाते.

गेमिंगसाठी उघड्या पाठीचा हेडफोन सुचवला जातो, आवाज मोकळा वाटतो म्हणून. एप्रिल ते जून तुमच्या खोलीत कूलर चालणार असेल तर तो विसरा. कूलरची घोंघाट थेट आत येते आणि दूरची पावलं तिच्यात बुडतात. बंद पाठीचा घ्या, बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, ८० ओहम. कानाच्या गाद्या वेलूरच्या असतात, रेक्झिनसारख्या घामाने सोलत नाहीत, बदलूनही मिळतात.

ओहमला घाबरून मोठा अ‍ॅम्प घेऊ नका. हिशेब सोपा आहे. ९६ डेसिबल प्रति मिलिवॉटच्या २५० ओहम हेडफोनला १ मिलिवॉटसाठी अर्धा व्होल्ट लागतो. डॅकने २ व्होल्ट दिले की १६ मिलिवॉट, म्हणजे १०८ डेसिबल. कानाला ते आधीच जास्त आहे. ८० ओहमला व्होल्टेज याहून कमी लागतं.

धागाकर्ता

मग डॅक वेगळा आणि माइकचा इंटरफेस (माइक यूएसबीला जोडणारा डबा) वेगळा घेऊ का?

प्रतिसाद ३

नाही. ऑडिओ इंटरफेसमध्ये दोन्ही येतं. फोकसराइटच्या स्कारलेट २आय२ ची चौथी आवृत्ती बघा, माइकसाठी ६९ डेसिबल गेन (आवाज वाढवायची क्षमता) आहे. त्याच आवृत्तीच्या सोलो या धाकट्या मॉडेलमध्ये ५७ आहे. फरक महत्त्वाचा, कारण तुम्हाला माइक डायनॅमिक (जवळचाच आवाज नीट घेणारा) घ्यावा लागेल. एटी२०२० सारखा कंडेन्सर माइक (बारीक आवाजही पकडणारा) कूलर, चिमण्या, शेजारची पिठाची गिरणी सगळं उचलेल. डायनॅमिकमध्ये एटी२०४० पुरेसा आहे. शूरच्या एसएम७बी माइकला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो आणि तो बजेटही खाऊन टाकेल.

माइक तोंडापासून चार बोटांवर, थोडा तिरका. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, मग गेन वाढवता आणि त्याच्याबरोबर कूलरही वाढतो. कूलर माइकच्या नेमका पाठीमागे नको, मागच्या बाजूला तिरका येऊ द्या, एटी२०४० हायपरकार्डिऑइड आहे आणि असा माइक बाजूने-मागून सर्वांत कमी ऐकतो.

इंटरफेस मागच्या यूएसबीला थेट लावा, हब नको. विंडोजमध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. विंडोजच्या साउंड सेटिंगमधल्या कम्युनिकेशन्स टॅबमध्ये "काही करू नका" निवडा, नाहीतर व्हॉइस चॅट सुरू झाली की गेमचा आवाज ८० टक्के खाली जातो.

प्रतिसाद २

कूलरचं अजून एक. आपलं बोरचं पानी खारट. कूलरच्या हवेसोबत त्याचे बारीक थेंब येतात आन् पांढरा थर धरते, जॅकवर, पंख्यावर, ग्राफिक्स कार्डाच्या पिनांवरही. कूलरचा झोत पीसीवर कधीच नोको. कूलर वेगळ्या सॉकेटवर लावजा, त्याची मोटार चालू-बंद होताना स्पीकरमंधी टप्प होते.

धागाकर्ता (आठ दिवसांनी)

रॉड बसला, आरसीसीबी आणि प्रोटेक्टरही. आता फेज-अर्थ २१२, न्यूट्रल-अर्थ १.८. झिणझिण्या गेल्या. स्पीकरची गुणगुण खूप कमी झाली, पण टीव्हीची एचडीएमआय जोडली की थोडी परत येते. इंटरफेस आणि हेडफोन मागवले आहेत, स्पीकर पुढच्या महिन्यात.

प्रतिसाद १

आकडे उत्तम. आता जे उरलं तो खरा ग्राउंड लूप आहे. पीसीचा अर्थ रॉडवर, छत्रीचा अर्थ स्लॅबच्या लोखंडावर, आणि दोघांमधल्या फरकाचा करंट एचडीएमआयमधून फिरतो. खात्री करायची तर सेट-टॉप बॉक्सच्या मागची छत्रीची केबल काढा. गुणगुण गेली तर छत्रीच्या खांबापासून त्याच रॉडपर्यंत ४ चौरस मिमीची वायर न्या. सगळ्यांचा अर्थ एक झाला की फिरायला फरक उरत नाही. पाऊस-विजांच्या दिवसांत ती केबल आणि पीसीचा प्लग दोन्ही काढूनच ठेवा.

पुढच्या महिन्यात स्पीकर घ्याल ते बॅलन्स्ड इनपुटचे (दोन तारांतला फरक घेऊन गुणगुण कापणारे) घ्या आणि केबल टीआरएस ते टीआरएस, दोन काळ्या रिंगांची. एका रिंगेची टीएस केबल बसते, वाजतेही, पण बॅलन्स्डचा फायदा जातो. गुणगुण राहिलीच तर कोणी सांगेल, स्पीकरच्या प्लगची जाड पिन कापा. ती कापू नका, त्याऐवजी लाइन लेव्हलचा १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला.

स्पीकर कोपऱ्यात टेकवू नका, बास फुगतो. खोली उघड्या भिंतींची असेल तर बसल्या जागी कानाच्या उंचीवर, दोन्ही बाजूंच्या भिंतींना कापसाची जुनी गादी उभी टेकवून ऐका. मधल्या-वरच्या सुरांचा घुमारा ती चांगला खाते. खालच्या सुरांसाठी टेबल पुढे-मागे वीतभर सरकवून जागा शोधावी लागेल.