मदत हवी आहे: ९ ते १३ वयाच्या मुलांसाठी मराठी कादंबऱ्या सुचवा (तालमीतल्या कपाटासाठी)

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापुरात, शिवाजी पेठेत राहतो. आमच्या गल्लीतल्या तालमीच्या वरच्या खोलीत दोन वर्षांपूर्वी मुलांसाठी पुस्तकांचं कपाट सुरू केलं. किल्ली माझ्याकडं असते. रविवारी सकाळी दहा ते बारा आणि बुधवारी संध्याकाळी मी कपाट उघडून बसते. नोंदीला एक वही आहे. पंचवीस-तीस पोरं येतात, त्यातली निम्मी नेमानं. बहुतेक सगळी चौथी ते आठवीतली.

अडचण अशी आहे. सुरुवातीला पैसे थोडे होते, म्हणून एका दुकानातून गठ्ठ्यानं पुस्तकं उचलली. तीस-चाळीस पानांच्या बोधकथा, थोरांची छोटी चरित्रं आणि 'संक्षिप्त' असं छापलेल्या मोठ्या गोष्टी. काहींची पानं उलटी शिवलेली होती, दोन पुस्तकांत मधली सोळा पानंच नव्हती. तरी पोरांनी ती महिनाभरात संपवली, आणि मग यायची कमी झाली.

सहावीतला एक मुलगा आहे. खाली कुस्तीचा सराव झाला की अंगाला माती तशीच घेऊन वर येतो, म्हणून मी दारात पाण्याची बादली ठेवलीय. हात धुतल्याशिवाय पुस्तक नाही. बोटं पुसत पुसत एकदा मला म्हणाला, "काकू, ह्यात गोष्ट सुरू झाली की लगेच संपत्याय. पुढं काय झालं त्या पोराचं?" मी म्हटलं, एवढीच आहे रे गोष्ट. तर म्हणाला, "मग मोठी द्या की. आठ दिवस पुरंल असली."

त्या दिवसापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. गोष्टीत राहायला मिळावं, रात्री अर्धवट ठेवून झोपावं आणि शाळेत दिवसभर तिचाच विचार करावा, हे सुख मला त्याच्या वयात मिळालं होतं. या पोरांना आम्ही ते दिलेलंच नाही.

यंदा गणपतीच्या वर्गणीतून मंडळानं पुस्तकांसाठी नऊ हजार बाजूला काढलेत. कार्यकारिणीतल्या मोठ्या माणसांचं म्हणणं, 'श्रीमान योगी' आणि 'मृत्युंजय' घ्या, रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे, दोघं आपल्याच जिल्ह्यातले. अभिमान मलाही आहे. पण चौथी-पाचवीच्या पोराच्या हातात 'मृत्युंजय' दिलं तर ते पहिल्या दहा पानांत दमणार आणि कपाटाकडं परत फिरकणार नाही. ती पुस्तकं त्यांच्यासाठी आहेतच, पण चार-पाच वर्षांनी. मला हवंय ते मधलं, चित्रांच्या गोष्टी आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या यांच्या मधल्या पायरीचं.

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, मी स्वतः तिथली वाचक. पण एवढ्या रहदारीतून पोरांना एकटं पाठवायला पालक तयार नसतात. म्हणून गल्लीतच सोय हवी.

माझ्या मनात असलेली नावं: भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ना. धों. ताम्हणकरांचा 'गोट्या' आणि प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. पण शंका आहेत. फास्टर फेणेचं पुणं आणि ती भाषा आमच्या पोरांना परकी वाटेल का? ही पोरं "काय करायलाईस" बोलणारी आहेत. पुस्तकातली भाषा अवघड गेली की त्यांना वाटतं चूक आपलीच आहे, आणि गप्प पुस्तक परत करतात. ते मला होऊ द्यायचं नाही.

तर कृपा करून सांगा, तुमच्या किंवा तुमच्या ओळखीच्या मुलांनी खरोखर शेवटपर्यंत वाचलेल्या कादंबऱ्या कुठल्या? अनुवादही चालतील. तात्पर्य सांगणारी पुस्तकं नकोत, ती भरपूर आहेत.

प्रतिसाद: निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज

ताई, काम चांगलं चाललंय तुमचं. मी तीस वर्षं पाचवी ते सातवीला मराठी शिकवलं, त्यावरून सांगतो.

फास्टर फेणेबद्दल शंका नको. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला हा बनेश फेणे मुळात खेड्यातलाच. सायकल, किडकिडीत अंगकाठी आणि तोंडानं काढलेला तो 'ट्टॉक्' आवाज. पोरं पुणं विसरतात आणि सायकलच्या मागं पळतात. वीसेक पुस्तकं आहेत, म्हणजे एक आवडलं की पुढचं तयार. काही संदर्भ जुने झालेत, चीनच्या युद्धाच्या काळातले. पण पोरांना त्यानं अडत नाही. अडते ती फक्त पहिली पाच पानं. म्हणून पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्यानं वाचा आणि ऐन रंगात आलं की थांबा. पुस्तक टेबलावर ठेवा आणि दुसऱ्या कामाला लागा. माझ्या वर्गात यानंतर पुस्तकासाठी झटापट व्हायची.

'वनवास' मात्र सरसकट देऊ नका. लंपनच्या गोष्टी फार सुंदर, पण त्यात घटना कमी आणि मनातलं जास्त. आजी-आजोबांकडं राहणारा मुलगा, आई-वडील लांब, सुमीबद्दलची ओढ. हे ज्याला कळतं त्याला आतून कळतं. बारा-तेराच्या पुढं, आणि तेही मूल बघून. तुमच्याकडं बेळगाव-निपाणीकडं आजोळ असलेली पोरं असतील तर त्यांना आधी द्या. ती कानडी वळणाची भाषा त्यांच्या घरातलीच असते.

जिल्ह्यातलाच लेखक हवा असेल तर कार्यकारिणीला सांगा, सलीम सरदार मुल्ला यांची 'जंगल खजिन्याचा शोध' घ्या. लेखक आपल्याकडचे, वनखात्यात काम केलेले. या कादंबरीला २०१९ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे. आणि जयंत नारळीकर तर कोल्हापुरातच जन्मले, १९३८ साली. सातवी-आठवीच्या पोरांना 'वामन परत न आला' द्या. उत्खननात सापडलेली पुरातन पेटी, त्यातल्या माहितीवरून बनवलेला यंत्रमानव, आणि मग वाढत जाणारी भीती. विज्ञान कळलं नाही तरी भीती कळते.

कागलच्या आनंद यादवांचं 'झोंबी' कुणीतरी सुचवेलच. भाषा तुमच्या पोरांची आहे, शाळेसाठी झगडणाऱ्या पोराची कथा आहे. पण त्यातला मार आणि भूक हलकी नाही. नववीच्या आधी नको, आणि दिलंत तर नंतर त्या पोराशी बोला.

प्रतिसाद: दोन मुलींची आई, इचलकरंजी

तुमच्या यादीत सगळे मुलगेच आहेत हो ताई! फास्टर फेणे, गोट्या, लंपन. गल्लीतल्या मुलींचं काय?

माझ्या धाकटीनं (वय १०) 'तोत्तोचान' तीनदा वाचलंय. तेत्सुको कुरोयानागींचं, चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा मराठी अनुवाद, नॅशनल बुक ट्रस्टचं. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली मुलगी, आगगाडीच्या डब्यांत भरणारी नवी शाळा, आणि पहिल्याच दिवशी तिचं सगळं बोलणं तासन् तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक. प्रकरणं दोन-तीन पानांची आहेत, त्यामुळे वाचायला कच्च्या मुलांनाही एकेक गड सर केल्यासारखं वाटतं. घटना लेखिकेच्या स्वतःच्या बालपणातल्या आहेत, पण मुलं वाचतात कादंबरीसारखीच.

थोरलीनं बाराव्या वर्षी 'चौघीजणी' वाचलं. लुइसा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'चा शांता शेळक्यांनी केलेला अनुवाद. जाडजूड आहे, पण तुमच्या "आठ दिवस पुरंल" म्हणणाऱ्या पोराला महिनाभर पुरेल. मुलांनाही द्या, फक्त मुलींचं म्हणून वेगळं ठेवू नका.

शिवाय संगीता बर्वे यांची 'पियूची वही' घ्या, हिला २०२२ चा बालसाहित्य पुरस्कार आहे. ही वाचून माझ्या धाकटीनंही वही घातली. भाषा आजची आहे, त्यामुळे अडखळणाऱ्यांची सुरुवात इथून करता येईल.

एक व्यवहारातली गोष्ट. नऊ हजारांत नव्वद वेगवेगळी पुस्तकं घेऊ नका. जे चालेल असं वाटतं त्याच्या तीन-तीन प्रती घ्या. दोन मैत्रिणी एकच पुस्तक एकाच आठवड्यात वाचतात तेव्हा त्या त्यावर बोलतात, भांडतात, आणि तिसरी ते मागायला येते.

प्रतिसाद: मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या पुण्यात

काकू, फेलूदा घ्या. सत्यजित राय यांचे, अशोक जैन यांचा अनुवाद, रोहन प्रकाशन. मी सातवीत पहिलं वाचलं आणि दिवाळीच्या सुट्टीत उरलेली. हेर फेलूदा, त्याचा चुलत भाऊ तोपशे सगळं सांगतो, आणि जटायू नावाचे रहस्यकथा लिहिणारे काका. एक पुस्तक दोन-तीन दिवसांत होतं. फास्टर फेणे झाला की लगेच हेच.

भारत सासणे यांची 'समशेर आणि भूतबंगला' पण बघा, २०२४ चा बालसाहित्य पुरस्कार. नावावरूनच पोरं उचलतील.

आणि एक मनापासून सांगतो. तालमीत पुस्तकांचं कपाट आमच्या वेळी असतं तर बरं झालं असतं. चार पुस्तकं मी पाठवतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या.

धागाकर्तीचं उत्तर, सहा आठवड्यांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, पण काहीतरी करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

इचलकरंजीच्या ताईंचं ऐकलं, नावं कमी आणि प्रती जास्त. फास्टर फेणेची सहा, फेलूदाची पाच, 'तोत्तोचान', 'पियूची वही', 'जंगल खजिन्याचा शोध' आणि 'समशेर' प्रत्येकी तीन, 'चौघीजणी' दोन, नारळीकर दोन. कार्यकारिणीला 'जंगल खजिना'चं सांगितल्यावर विरोध उरलाच नाही. अध्यक्षांनीच एक प्रत नातवासाठी घरी नेली.

सरांनी सांगितल्याप्रमाणं एका बुधवारी फास्टर फेणे मोठ्यानं वाचला आणि मधेच थांबले. गप्प बसणं फार जड गेलं मला. पोरं दोन मिनिटं माझ्याकडं बघत राहिली. मग मागनं आवाज आला, "वाचा की ओ काकू!" मी पुस्तक टेबलावर ठेवलं. वहीत त्या संध्याकाळी अकरा नोंदी झाल्या. एवढ्या एका दिवशी कधीच झाल्या नव्हत्या.

मातीच्या हातांच्या त्या मुलानं पहिलं पुस्तक नऊ दिवसांनी परत आणलं. आत खुणेला केएमटी बसचं तिकीट होतं, शेवटून तिसऱ्या पानाशी. मी विचारलं, शेवट वाचला नाहीस काय? म्हणाला, "वाचला की. परत मागं येऊन ठेवलंय. तिथं लई भारी हाय."

'वनवास'ची एकच प्रत घेतली आणि कपाटात न ठेवता माझ्याकडं ठेवली. आठवीतली एक मुलगी आहे, आजोळ निपाणीचं. तिला दिली. तिनं पहिली गोष्ट आजीला वाचून दाखवली म्हणे, आणि आता आजीच पुढची मागतेय.

सगळं जमलं असं नाही. 'तोत्तोचान' एका मुलानं दुसऱ्याच दिवशी परत केलं, "ह्यात काय होतच नाही" म्हणून. पाचवीतले तिघंजण अजून मोठं पुस्तक उचलतच नाहीत. त्यांच्याजवळ बसून रोज दोन-दोन पानं वाचायला मी आठवीच्या मुलींना सांगितलंय. तीनच आठवडे झालेत.

आता एक नवीन प्रश्न, त्याच मुलाचा. फेलूदा परत करताना त्यानं विचारलं, "काकू, कुस्ती करणाऱ्या पोराची असली मोठी गोष्ट हाय काय?" पैलवानांची चरित्रं आहेत माझ्याकडं, ती दाखवली. त्यानं मान हलवली. त्याला चरित्र नकोय. लाल मातीत उतरणारा, त्याच्याच वयाचा पोरगा हवाय, ज्याचं पुढं काय होणार ते आधी माहीत नाही. मराठीत, दहा-बारा वर्षांच्या वाचकासाठी, अशी कादंबरी कुणी वाचली असेल तर नाव आणि प्रकाशक सांगा. जुनी, छपाईबाह्य असली तरी चालेल, मी शोधून काढेन.