प्रति: नाताळात दरबारी खून

'नाताळाच्या दिवशी भर राजवाड्यात खून म्हणजे कादंबरीकाराची सोय, असं प्रत्यक्षात कुठे घडतं?' असं वर विचारलंय. घडलंय की! बायझंटाईन (पूर्व रोमन) साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, २५ डिसेंबर ८२०. बळी खुद्द सम्राट, पाचवा लिओ.

आदल्या दिवशी त्याने मायकेल या जुन्या लष्करी सोबत्याला कटाच्या आरोपावरून जिवंत जाळायची शिक्षा फर्मावली होती. सम्राज्ञी थिओडोसियाने गळ घातली, सणाच्या तोंडावर हे पाप नको. शिक्षा पुढे ढकलली. मायकेलने कोठडीतूनच साथीदारांना निरोप धाडला: मला सोडवा, नाहीतर तुमची नावं सांगतो.

मग पहाटेच्या प्रार्थनेला पाद्र्यांच्या वेषात, झग्याखाली शस्त्रं लपवून मंडळी राजवाड्यातल्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, शिरली. अंधारात त्यांनी आधी भलत्यालाच धरलं, तो होता मुख्य पाद्री! बिचाऱ्याने टोपी काढून टक्कल दाखवलं तेव्हा वाचला. लिओ हाताला लागलेला जड क्रूस घेऊन लढला, पण हात तुटला आणि तिथेच संपला.

आता रहस्य म्हणाल तर मारेकरी कोण, हे नाहीच. मला खटकतं ते पहारेकऱ्यांचं. इतके अनोळखी 'पाद्री' आत येईपर्यंत कुणालाच कशी शंका आली नाही? शिवाय ही हकिगत तपशिलात देणारे इतिहासकार शतकभरानंतरचे, त्यामुळे मीठमसाला असणारच.

मायकेलला मात्र पायांत बेड्या असतानाच सिंहासनावर बसवलं. किल्ली म्हणे लिओकडेच होती, शेवटी बेड्या फोडाव्या लागल्या.