घड्याळाला घालमेल कळते का?

नाडीवेडा:
"स्मार्टवॉचचा स्ट्रेस स्कोअर ७५च्या वर गेला की अँक्झायटी आहेच, प्रश्नावल्या मोडीत काढा" असं इथे कुणीतरी ठासून लिहिलंय. गप्प बसवेना. घड्याळ हिरव्या प्रकाशाने मनगटातली रक्ताची लाट पाहतं, त्यावरून ठोक्यांमधली अंतरं काढतं. पुढचा सगळा अंदाज! जिना, कॉफी, ताप, कशानेही नाडी वाढते. काळजी आवरता येते का, हे जीएडी-७ ही अँक्झायटीची सात प्रश्नांची प्रश्नावली थेट विचारते; कुठला सेन्सर विचारतो?

रात्रपाळी:
जीएडी-७ तरी कुठे धुतल्या तांदळासारखी? दोन आठवडे आठवून लिहायचे, तर शेवटचे दोन दिवसच डोक्यात असतात. झोपेतला एचआरव्ही, म्हणजे ठोक्यांमधली अंतरं किती कमीजास्त होतात तो आकडा, घ्या, त्याच माणसाची तीन आठवड्यांची सरासरी काढा, ढळलेल्या रात्री बघा. दारूच्या, तापाच्या रात्री वगळा.

नाडीवेडा:
सरासरी कशाची? नाडी ६०, पाच मिनिटांत ३०० ठोके, लागोपाठच्या अंतरांत २० मिलिसेकंदांचा फरक, म्हणजे आरएमएसएसडी (फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, एचआरव्हीचं एक माप) २०. त्यात एकच ठोका ३०० मिलिसेकंद लवकर पडला की १००० ऐवजी अंतरं ७०० आणि १३००. फरक ३००, ६००, ३००. वर्ग होतात म्हणून आकडा थेट ४७! आकडा जास्त म्हणजे माणूस निवांत, असं धरतात; इथे एका चुकार ठोक्याने तो निवांत ठरला.

मनगट:
पट्ट्याबद्दल कुणीच बोलत नाही! हाडापासून बोटभर वर, न सरकणारा हवा. सैल असला की चालताना घड्याळ पावलांचाच ठेका नाडी म्हणून दाखवतं.

रात्रपाळी:
पट्ट्याचा वेगळा धागा काढा हो. आणि नाडीवेडा, शेजारच्या अंतरांपेक्षा २०%हून जास्त ढळलेला ठोका गाळायचा, ही पहिली पायरी आहे. आम्हाला ती शिकवू नका.

नाडीवेडा:
कच्ची अंतरं हातात असतील तर गाळाल ना! बहुतेकांना तयार आकडाच मिळतो. त्यातही ॲपलचं घड्याळ एसडीएनएन (सगळ्या अंतरांचं प्रमाण विचलन) देतं, फिटबिट आरएमएसएसडी. दोन्ही मिलिसेकंदांत, दोन्हींना लोक एचआरव्हीच म्हणतात आणि एकमेकांशी ताडतात. प्रोप्रॅनोलॉल हे ठोके मंदावणारं औषध घेणाऱ्याची नाडी तर आत कितीही घालमेल असली तरी फारशी चढत नाही. रात्र ढळली हे कळतं, तेवढं मान्य. का ढळली, ते नाही.

रात्रपाळी:
म्हणून तर तेव्हाच विचारायचं. पाच मिनिटं पावलं शून्य आणि नाडी चढलेली, की लगेच प्रश्न: आत्ता काळजी किती, ० ते १०? नाडी शांत असतानाही अधूनमधून तोच प्रश्न, नाहीतर तुलना कशाशी करणार?

नाडीवेडा:
शांत वेळांसकट विचारणार असाल तर माझा विरोध नाही. पण मग उत्तर माणूसच देतोय. प्रश्नावली मोडीत निघाली कुठे?