पाचारण, छंद की नाद?

एका निमंत्रणपत्रिकेचा मजकूर लिहिताना अडलोय. ओळखीचे एक फादर आहेत, मूळचे वसईचे. पंचाहत्तरी झाल्यावर त्यांनी धर्मग्रामाची (पॅरिशची) जबाबदारी सोडली आणि आता कोल्हापुरात राहतात. रोज सकाळी कोटितीर्थ तलावाच्या काठावर बसून जलरंगात चित्रं काढतात. हात थोडा कापतो, म्हणून डाव्या हाताने उजवं मनगट धरून ब्रश टेकवतात. त्यांच्या चित्रांचं छोटं प्रदर्शन शाहू स्मारकला लावायचंय. मी लिहिलं, ‘निवृत्तीनंतर चित्रकलेचा छंद जोपासणारे फादर’. त्यांनी ‘निवृत्तीनंतर’ आणि ‘छंद’ हे दोन्ही शब्द पेन्सिलीनं खोडले आणि वर बारीक अक्षरात लिहिलं : पाचारण. मला हा शब्द अग्निशमन दलापुरताच माहीत. इथे चालेल का?

—

चालेल, आणि फादरांनी तो विचार करूनच लिहिलाय. मराठी ख्रिस्ती समाजात ‘पाचारण’ रोजच्या वापरातला शब्द आहे. मुलगा धर्मगुरू व्हायला निघाला की ‘त्याला पाचारण झालं’ म्हणतात. मराठी बायबलमध्ये, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, देवानं माणसांना ‘पाचारण केले’ असंच आहे.

वर्तमानपत्रातला अर्थ याहून फार लांबचा नाही. लग्नाला निमंत्रण असतं, जेवायला बोलावणं येतं. तिथं नाही गेलं तरी निभावतं. पाचारण मात्र गरज असते तिथंच होतं. आग लागली, विहिरीत गवा पडला, अडलेल्या म्हशीसाठी डॉक्टर हवा, की पाचारण. ज्याला केलं त्याच्यावाचून काम अडलेलं असतं. छंदात ही निकड नाही. छंद फावल्या वेळेचा.

‘निवृत्ती’ खोडली तेही बरोबर. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेनुसार पंचाहत्तरी पूर्ण झाली की धर्मग्रामाच्या प्रमुखानं बिशपांकडे राजीनामा द्यायचा असतो. पण तो पदाचा राजीनामा. धर्मगुरू होताना मिळालेली गुरुदीक्षा संपत नाही. ‘तू युगानुयुग याजक आहेस’, असं बायबलच्या स्तोत्र ११० मध्ये आहे. याजक म्हणजे धर्मगुरू. फादर आजही मिस्सा (चर्चमधली उपासना) अर्पण करत असतील, तर त्यांना निवृत्त कसं म्हणणार?

—

करतात. सकाळची मिस्सा आटोपूनच कोटितीर्थावर येतात.

—

मी पेठेतला माणूस, मला पाचारण जरा जड वाटतं. कोटितीर्थावर त्यांना बघून आमच्याकडचा कुणीही म्हणेल, “फादर, नाद लागला की तुमास्नी!” त्यात टिंगल नसते. तालमीचा नाद, बैलाचा नाद, भजनाचा नाद. इथं माणूस ओळखला जातो तो त्याच्या नादावरून. कोटितीर्थाचंच बघा. आबालाल रहमान (१८६०–१९३१) तिथं जाऊन चित्रं काढायचे. शाहू महाराजांनी आश्रय दिलेला हा चित्रकार. त्याच काठावर फादर बसतात, त्याला छंद म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाय नाद म्हणजे मुळात आवाज. भागवतातल्या अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये हरीण आहे ना, पारध्याच्या गाण्याला भुलून जाळ्यात सापडणारं, ते अक्षरशः नादी लागलेलं. तिथं ती सावधगिरीची गोष्ट आहे, हे खरं. पण पाचारण काय आणि नाद काय, दोन्ही आधी कानावर पडतात आणि मग माणूस उठून चालू लागतो. मला तर हे दोन शब्द सख्खे भाऊ वाटतात.

—

हे फादरांना वाचून दाखवलं. हरणाजवळ त्यांनी थांबवलं आणि तेवढंच परत वाचायला लावलं. ‘नाद’ त्यांना आवडला, पण पत्रिकेवर पाचारणच हवं म्हणाले. आता रचना सांगा : ‘चित्रकलेकडे पाचारण’ की ‘चित्रकलेचे पाचारण’?

—

‘चित्रकलेचे’. धर्मगुरुपदाचे पाचारण म्हणतात, त्याच धर्तीवर. ज्याला हाक आली त्याला ‘ला’ लावा, ज्या कामासाठी आली त्याला ‘चे’. आणि ‘जोपासणारे’ काढून टाका, पाचारण कुणी जोपासत नाही.

—

मग ओळ अशी झाली : ‘पंचाहत्तरीनंतर फादरांना झालेले चित्रकलेचे पाचारण’. संध्याकाळी छापखान्यात देतो.