दुकान लुटणारा सराईत निघाला तर शिक्षा वाढते का?

गुजरी_कट्टा:
दोघांनी सराफाच्या दुकानात शिरून कोयता दाखवला आणि दागिने नेले, असं समजा. घटना २०२५ ची. त्यातल्या एकाला २०१९ साली भादंवि (भारतीय दंड विधान, न्याय संहितेआधीचा कायदा) ३९२ खाली, म्हणजे जबरी चोरीला, शिक्षा झालेली, शिवाय अंगावर सहा गुन्हे दाखल. पेपरात येतं, ‘सराईत आहे, जन्मठेपही होऊ शकते.’ खरंच होते का? जुनी शिक्षा कोर्ट आपोआप धरतं का? अमेरिकेतले मेहुणे म्हणतात, तिकडं फेडरल कोर्ट असल्यांना वीस-वीस वर्षं आत टाकतं. कायदा जाणणाऱ्यांनी कलमासकट सांगा.

बावडा_कोर्ट:
ते सहा दाखल गुन्हे आधी बाजूला ठेवा. वाढीव शिक्षेचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं १३ (जुनं भादंवि ७५), फक्त दोषसिद्धी मोजतं. एफआयआर कितीही असोत, इथं त्यांची किंमत शून्य. पहिला गुन्हा संहितेतल्या नाण्या-नोटांच्या किंवा मालमत्तेविरुद्धच्या प्रकरणातला हवा आणि कलमात त्याला तीन वर्षं किंवा जास्त कैद लिहिलेली हवी. प्रत्यक्षात सहाच महिने मिळाले असतील तरी चालतं. दुसरा गुन्हाही तसलाच हवा, आणि तो पहिल्या दोषसिद्धीनंतर घडलेला हवा. एकाच आठवड्यात तीन दुकानं लुटली आणि निकाल वेगवेगळ्या वर्षी लागले, तर कलम १३ लागत नाही.

लागलं तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. पण किमान शिक्षा त्यात नाही. जबरी चोरीला ३०९(४) मध्ये मुळातच दहा वर्षांपर्यंत आहे, म्हणजे १३ मुळं वाढतो तो जन्मठेपेचा पर्याय. न्यायाधीशांनी तो वापरलाच पाहिजे असं कुठंही नाही.

तुमच्या उदाहरणात खरी मेख कोयत्यात आहे. कलम ३११ खाली किमान सात वर्षं, पण ज्यानं स्वतः हत्यार वापरलं त्यालाच. सगळ्यांना दिसेल असं हातात धरून धाक दाखवला तरी ‘वापर’ होतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्येच फूल कुमार खटल्यात सांगितलंय. कोयता दुसऱ्याच्या हातात असेल तर आपला सराईत ३११ मधून सुटतो. म्हणून दुकानातल्या साक्षीदाराच्या जबाबात ‘त्यांनी कोयता दाखवला’ असं मोघम नको. कुणी, कोणत्या हातात, किती अंतरावरून, हे पहिल्याच जबाबात यायला हवं.

आणखी एक. हत्यार शाबीत होण्यासारखं नसेल तर खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं चालतो आणि त्यांचा अधिकार तीन वर्षांचाच. पुस्तकातली दहा वर्षं तिथं कामाची नाहीत. यासाठीच नागरिक सुरक्षा संहितेत (खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा) ३६३ आहे: पूर्वी शिक्षा झालेल्याचं प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकारी किंवा सत्र न्यायालयाकडं पाठवता येतं. सरकारी वकिलांनी हे सुरुवातीलाच मांडावं.

ठसे_आणि_कागद:
वरचं बरोबर. पण ही कलमं गळतात ती कागदावर.

जुनी शिक्षा आपोआप धरली जात नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३४(७) प्रमाणं दोषारोपातच तिची तारीख, ठिकाण आणि तपशील लिहावा लागतो. राहून गेलं तर शिक्षा सुनावण्याआधी कोर्ट कधीही जोडू शकतं, नंतर नाही. सत्र खटल्यात हा भाग आरोपीला वाचून दाखवायचा नाही आणि तो दोषी ठरेपर्यंत त्याचा उल्लेखही करायचा नाही (कलम २५९). तपासी अंमलदार साक्षीत ‘हा रेकॉर्डवरचा आहे’ बोलून गेला, की बचाव पक्षाला आयतं कोलीत.

पुरावा त्याच संहितेच्या कलम ३३४ प्रमाणं: जुन्या निकालाचा प्रमाणित उतारा, किंवा तुरुंगाधिकाऱ्याचा दाखला, किंवा शिक्षेचं वॉरंट. कळंबा तुरुंगात शिक्षा भोगली असेल तर दाखला तिथून. पण नुसता कागद पुरत नाही. कागदावरचा माणूस आणि पिंजऱ्यातला माणूस एकच, हे वेगळं शाबीत करावं लागतं. नाव-वडिलांचं नाव जुळणं कच्चं, बोटांचे ठसे पक्के.

तुमच्या उदाहरणात जुनी शिक्षा भादंविखाली आहे, तर कलम १३ ‘या संहितेखालच्या’ गुन्ह्यांबद्दल बोलतं. बचाव पक्ष इथं अडवणारच. सरकार पक्षानं न्याय संहितेच्या ३५८ मधल्या व्यावृत्तीवर, म्हणजे जुन्या कायद्याखालची कारवाई नव्या कलमाखालची मानण्याच्या तरतुदीवर, युक्तिवाद तयार ठेवावा.

गुजरी_कट्टा:
म्हणजे त्या सहा गुन्ह्यांचा काहीच उपयोग नाही?

बावडा_कोर्ट:
शिक्षेला नाही, जामिनाला आहे. कच्च्या कैदेत निम्मी मुदत काढली म्हणून सुटायची जी सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ मध्ये आहे, ती अनेक प्रकरणं प्रलंबित असणाऱ्याला मिळत नाही. आणि मोक्क्याला (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा) उपयोग आहे. तिथं दोषसिद्धी नको, मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त चार्जशीट आणि कोर्टानं घेतलेली दखल पुरते. मात्र टोळी दाखवावी लागते, एकट्या भुरट्याला मोक्का टिकत नाही. लागला तर किमान पाच वर्षं आणि किमान पाच लाख दंड.

परदेशी_कायदा:
मेहुण्यांचं अर्धं खरं. हॉब्स कायद्याखाली (लुटीबद्दलचा अमेरिकेचा फेडरल, म्हणजे केंद्रीय कायदा) प्रत्येक लुटीला कमाल वीस वर्षं आहेत, सरसकट नव्हे. दुकान छोटं असलं तरी आंतरराज्य व्यापाराला थोडी बाधा दाखवली की प्रकरण फेडरल होतं. जड पडते ती बंदूक: नुसती बाळगली तर किमान पाच, रोखली तर सात, झाडली तर दहा, आणि ही वर्षं मूळ शिक्षेच्या पाठोपाठ भोगायची, सोबत नाही. हिंसक किंवा अमली पदार्थांच्या दोन जुन्या दोषसिद्धी असतील तर ‘करिअर ऑफेंडर’ (सराईत) ठरून शिक्षेच्या मार्गदर्शक तक्त्यातली सर्वांत वरची, सहावी श्रेणी लागते. २००५ पासून तो तक्ता न्यायाधीशांवर बंधनकारक नाही. पॅरोल मात्र नोव्हेंबर १९८७ नंतरच्या फेडरल गुन्ह्यांना नाहीच, चांगल्या वर्तणुकीची सूट वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस.

आपल्याकडंही, आधीची शिक्षा भोगत असताना नवी लागली तर ती पाठोपाठच चालते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४६७). कोर्टानं ‘एकत्र’ असं स्पष्ट लिहिलं तरच सोबत. निकालाची नक्कल हातात आली की हे वाक्य आधी शोधा.